भुलीआधीची गुंगी

संभाजीनगरची घाटी असो की अंबाजोगाईचं रुग्णालय, ऑपरेशनच्या आदल्या रात्री नातेवाइकांचा प्रश्न ठरलेला असतो: "भूल जास्त तर होणार नाही ना?" भुलीआधी गुंगीचं इंजेक्शन देतात, त्यामागेही काही अंशी हीच काळजी असते: आधी गुंगी आली की भूल कमी पुरते. गुंगीत माणूस पेंगतो, पण हाक मारली की डोळे उघडतो. भुलीत चाकूही कळत नाही.

मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हा राजधानीत, हैदराबादेत, याच प्रश्नावर मोठं भांडण झालं. १८४७पासून क्लोरोफॉर्म हे हुंगवायचं भुलीचं औषध वापरात होतं आणि त्याच्या गुंगीत धडधाकट माणसंही टेबलावर दगावत. तिथले सर्जन एडवर्ड लॉरी ठामपणे सांगत: आधी श्वास थांबतो, हृदय नंतर; म्हणून श्वासाकडे बघा, नाडीचं सोडा. १८८८ आणि १८८९ साली निजाम सरकारच्या पैशांवर दोन क्लोरोफॉर्म कमिशन बसली. प्रयोग झाले कुत्र्या-माकडांवर. दुसऱ्या कमिशनसाठी 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकाने लंडनहून डॉक्टर लॉडर ब्रंटन यांना धाडलं. निकाल लॉरींच्या बाजूने लागला.

तो पुरता खरा नव्हता. १९११मध्ये डॉक्टर गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर दाखवलं की क्लोरोफॉर्म अर्धवट चढलेला असताना अंगात ॲड्रिनलिन, म्हणजे भीतीने स्रवणारं संप्रेरक, उसळलं, तर हृदय नुसतं थरथरतं आणि बंद पडतं. म्हणजे घाबरून झटापट करणारा रोगीच जास्त धोक्यात!

त्याला आधी शांत करायचं, ही युक्ती मात्र जुनी. १८६०च्या दशकातच फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांना दिसलं होतं की मॉर्फिन दिलेल्या कुत्र्याला क्लोरोफॉर्म कमी पुरतो. पुढे मॉर्फिन-स्कोपोलामिनची जोडी आली, १९५०नंतर फ्रेंच सर्जन लाबोरी यांनी क्लोरप्रोमाझिन वापरलं, मग डायझेपाम, मिडाझोलाम ही गुंगीची औषधं. पण 'कमी' म्हणजे किती, हे मोजायला माप नव्हतं. ते १९६०च्या दशकात अमेरिकन भूलतज्ज्ञ एगर आणि सहकाऱ्यांनी दिलं: कातडीला छेद देताना निम्मे रोगी हलणार नाहीत, एवढं फुप्फुसातलं वायूचं प्रमाण. गुंगीच्या औषधाने हा आकडा किती उतरतो, ते आता ताडून बघता येऊ लागलं.

सध्या बोलबाला डेक्समेडेटोमिडीन या गुंगीच्या औषधाचा. अमेरिकेत १९९९मध्ये ते मंजूर झालं, तेही अतिदक्षता विभागातल्या व्हेंटिलेटरवरच्या रोग्यांसाठी. मेंदूच्या बुंध्यातल्या जागेपणाच्या केंद्राला ते निवांत करतं, त्यामुळे गुंगी झोपेसारखी येते आणि श्वास फारसा दबत नाही. भुलीचा वायू, प्रोपोफॉल (शिरेतून द्यायचं भुलीचं औषध), वेदनाशामकं, सगळंच कमी लागतं. फुकट मात्र काही नाही: नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो, आणि भराभर दिलं तर सुरुवातीला उलट चढतोही. म्हणून ते सावकाश, पंपावरून सोडतात, आणि लॉरींनी सोडून द्यायला सांगितलेली नाडी मॉनिटरवर सतत टिकटिकत असते.