यंत्रानुवाद (मराठीतला)

यंत्रानुवाद म्हणजे एका भाषेतला मजकूर माणसाच्या ऐवजी कम्प्युटरने दुसऱ्या भाषेत आणणं. बोलताना हा शब्द कोणी वापरत नाही, लोक "ट्रान्सलेटला टाक" म्हणतात आणि धंद्यातले नुसतं एमटी (मशीन ट्रान्सलेशन) म्हणतात. हल्ली एआय म्हटलं की सगळे चॅटबॉटवर येतात, पण चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं आणि त्याच्या कितीतरी आधीपासून मराठी घरांत हे दुसऱ्या दाराने येऊन बसलं होतं. बँकेचा मेसेज, मिक्सरच्या खोक्यातला कागद, शॉपिंग अ‍ॅपवरचं "कार्टमध्ये जोडा", यातलं बरंचसं मराठी कोणी बसून लिहिलेलं नसतं, ते यंत्रातून काढलेलं असतं आणि कधी कोणी वरवर नजर फिरवलेली असते, कधी तेवढीही नाही.

सुरुवात मात्र जुनी आहे. ७ जानेवारी १९५४ ला न्यूयॉर्कमध्ये आयबीएम आणि जॉर्जटाऊन विद्यापीठाने रशियनमधली साठेक वाक्यं इंग्रजीत करून दाखवली, आणि यंत्राचं भांडवल काय तर २५० शब्द आणि ६ नियम. तीन ते पाच वर्षांत काम फत्ते असं तेव्हा सांगितलं गेलं. बारा वर्षांनी, १९६६ मध्ये, या कामाचा आढावा घेणाऱ्या अल्पॅक समितीने अमेरिकन सरकारला कळवलं की हे प्रकरण माणसापेक्षा हळू, चुकीचं आणि वर महागही पडतंय, मग पैसे आटले. नंतर १९९० च्या आसपास आयबीएमच्याच लोकांनी नियम बाजूला ठेवून कॅनडाच्या संसदेचे इंग्रजी-फ्रेंच वृत्तांत यंत्राला दिले आणि कुठला शब्द कशासमोर जास्त वेळा येतो ते त्यालाच मोजायला लावलं. आपल्याकडे आयआयटी कानपूरने १९९१ च्या सुमारास इंग्रजीतून भारतीय भाषांत नेणारं अँग्लाभारती सुरू केलं, पुण्याच्या सी-डॅकने सरकारी कागदपत्रांसाठी मंत्र नावाची इंग्रजी-हिंदी प्रणाली केली. पुण्यात बसून हिंदीसाठी, हे खरं तर त्या काळातल्या मराठीच्या परिस्थितीबद्दल बरंच काही सांगून जातं.

गूगल ट्रान्सलेट २००६ मध्ये आलं, त्यात मराठीचा नंबर लागला मे २०१३ मध्ये, आणि त्या पहिल्या काही वर्षांतलं मराठी ज्यांनी वाचलंय त्यांना ते आठवत असेल. शब्द सगळे मराठी, वाक्य कुठलंच नाही. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी इंग्रजी नोटीस ट्रान्सलेटला टाकून पाठवली होती, त्यात रविवारी सकाळी "रणगाडा स्वच्छ करण्यासाठी" पाणी बंद राहणार होतं. टँकचं भाषांतर, दुसरं काय. लोक महिनाभर हसले पण पाणी भरून ठेवायचं हे सगळ्यांना कळलं, आणि हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण पुढे तो उलटा होतो.

२०१७ मध्ये गूगलने मराठीसह भारतीय भाषांना न्यूरल (मेंदूतल्या पेशींच्या जाळ्यावरून बेतलेली) पद्धत लावली. त्याच वर्षी ट्रान्सफॉर्मर नावाची रचनाही आली, आजचे जवळजवळ सगळे मोठे एआय मॉडेल तिच्यावरच उभे आहेत आणि ती मुळात भाषांतरासाठीच केलेली होती हे फारसं कुणाला माहीत नसतं. आता यंत्र तुकडे जोडत नाही, अख्खं वाक्य बघतं आणि आधी आलेले शब्द धरून पुढचा शब्द निवडत जातं. मराठी एकदम गुळगुळीत झालं. शाळेचं शाळेत, पुस्तकाचं पुस्तकाला, ही सामान्यरूपं, जी आधी दर ओळीत मोडायची, ती नीट यायला लागली.

मराठीत नेमकं कुठे अडतं, तर पहिली गोष्ट नात्यांची. हिंदीतून मराठीत जाताना बरीच यंत्रं मधे इंग्रजीत उतरून जायची, मुंबई-पुणे ट्रेनने दिल्लीमार्गे जावं तसं. हिंदीतला मामा इंग्रजीत गेला की अंकल होतो आणि पलीकडे मराठीत काका होऊन उतरतो. साला, देवर, जीजा हे तिघे इंग्रजीच्या एकाच दारातून आत जातात, मग बाहेर पडताना मेहुणा कोण, दीर कोण आणि भावोजी कोण हे यंत्राला कसं कळणार. आम्ही आणि आपण यातला फरक तिथेच गळतो. "आम्ही जेवायला जातोय" आणि "आपण जेवायला जातोय" यात समोरच्याला ताटावर बसायचंय की नाही एवढा फरक आहे, इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द. हिंदीतला आप तू होऊन येतो आणि सासूबाईंना "तू कशी आहेस" असा मेसेज जातो. लिंगाचं तसंच, इंग्रजीतला मी पुरुष की बाई ते दिसत नाही म्हणून यंत्र बहुतेक वेळा "मी येतो" लिहितं, डॉक्टर आला आणि नर्स आली हे त्याने आपल्याच लिखाणातून उचललेलं आहे, त्याला एकट्याला दोष देऊन उपयोग नाही. हिंदी-मराठीतले सारखे दिसणारे शब्द हा आणखी एक खड्डा. शिक्षा, चेष्टा, खाली. हिंदीतला "शिक्षा विभाग" तसाच मराठीत राहिला तर पालकांनी घाबरायचं की काय. आणि मिलियनचं दशलक्ष, जे बाजारात एकही माणूस म्हणत नाही, लाख-कोटी असताना.

पण या सगळ्या दिसणाऱ्या चुका. न्यूरल आल्यापासून जास्त त्रास न दिसणाऱ्यांचा आहे. औषधाच्या कागदावर इंग्रजीत असतं की डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय गोळी बंद करू नये. एका दवाखान्याच्या माहितीपत्रकात यंत्राने मला दिलेलं वाक्य होतं "डॉक्टरांनी सांगितलं नाही तर गोळी बंद करा". व्याकरण बरोबर, शुद्धलेखन बरोबर, अर्थ बरोबर उलटा. रणगाडा वाचून माणूस थांबतो, हसतो, मूळ शोधतो. हे वाचून कोणी थांबत नाही. (माझं पोट अनुवादाच्याच कामावर आहे म्हणून हा भाग जरा लांबला.)

जगात याचं टोकाचं उदाहरण २०१७ चं आहे. वेस्ट बँकमधल्या एका पॅलेस्टिनी बांधकाम मजुराने फेसबुकवर अरबीत सुप्रभात घातलं, यंत्राने त्याचं हिब्रूत "त्यांच्यावर हल्ला करा" असं केलं आणि इस्रायली पोलिसांनी त्याला उचललं. अरबी येणाऱ्या एकाही पोलिसाने मूळ पोस्ट आधी वाचली नव्हती. काही तासांनी चूक कळली, सोडलं.

कोर्टात हे जाणून सावध राहतात. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये सुवास नावाची भाषांतर प्रणाली आणली, निकाल भारतीय भाषांत आणायला. तिथे "लीव्ह ग्रँटेड"चं यंत्राने "सुट्टी मंजूर" केल्याचा किस्सा वकील मंडळींत फिरत असतो, म्हणजे अपिलाची परवानगी मिळाली आणि भाषांतरात पक्षकार रजेवर गेला. म्हणून भाषांतरित निकालावर सूचना असते की कायदेशीर कामाला इंग्रजीच प्रमाण. महाराष्ट्रात भाषा संचालनालय १९६० पासून आहे, शासन व्यवहार कोश, न्यायव्यवहार कोश असे शब्दांचे ढीग तिथे तयार आहेत. ते शब्द कोणाला जड वाटतात कोणाला बरे, पण निदान एका शब्दाला एक शब्द असा हिशोब तरी आहे. यंत्राकडे तो नाही, एकाच पानावर एकाच शब्दाची तीन रूपं ते बिनदिक्कत देतं.

केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये भाषिणी नावाचं भारतीय भाषांच्या भाषांतराचं व्यासपीठ सुरू केलं. १७ डिसेंबर २०२३ ला वाराणसीत काशी तमिळ संगममच्या वेळी पंतप्रधानांचं हिंदी भाषण तमिळ पाहुण्यांच्या कानात तिथल्या तिथे तमिळमधून गेलं, ते याच्याच जोरावर. आयआयटी मद्रासच्या एआयफॉरभारत या संशोधन गटाने २०२३ मध्ये संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या २२ भाषांसाठी मॉडेल काढलं आणि ते सगळ्यांना खुलं ठेवलं, म्हणजे मराठीतून थेट तेलुगूत किंवा ओडियात जायची सोय. कोकणी गूगलवर यायला २०२२ उजाडलं. गोव्यात कोकणी राजभाषा आहे आणि मराठीही सरकारी कामाला चालते, पण यंत्राच्या बाबतीत दोघींत नऊ वर्षांचं अंतर पडलं, कारण यंत्राला लागतो तो मजकूर, ढीगभर, आणि जोडीने, म्हणजे तोच मजकूर दोन्ही भाषांत.

फायदा कोणाला झाला ते बघायचं तर बांधकामाच्या साईटवर जावं. मुकादम मराठी, मिस्त्री ओडिया, मधे फोन. मुकादम फोनशी वेगळं मराठी बोलतो, छोटी वाक्यं, म्हणी नाहीत, शिव्या तर नाहीतच. "हा पाया दीड फूट खोल पाहिजे." एवढंच. आधी ठेकेदाराचा माणूस यायची वाट बघत दिवस जायचा. परदेशातल्या नातवंडांचे इंग्रजी मेसेज आजी स्वतः वाचतात, कोणाला "वाचून दाखव रे" म्हणावं लागत नाही, हेही आहेच, आणि मला ते कमी वाटत नाही.

कामाचं म्हणाल तर अनुवादकाचा धंदा बुडाला असं सरसकट म्हणता येणार नाही, त्याचं तपासनीस केलं गेलं. आधी एजन्सी इंग्रजी फाईल पाठवायची, शब्दावर दर असायचा. आता फाईलमध्ये मराठी आधीच भरलेलं असतं, कामाला पोस्ट-एडिटिंग म्हणतात, बोलताना पीई, आणि दर खाली आलाय कारण "फक्त बघायचंय ना". फक्त बघायला जास्त वेळ लागतो हे एजन्सीला पटवता पटवता दिवस जातो. कोऱ्या पानावर लिहिताना मूळ वाक्य डोक्यात जाऊन मराठी होऊन उतरतं. इथे समोर आधीच एक बरं वाक्य असतं आणि डोळा त्याच्याशी जमवून घेतो, दहा पानांनंतर "तुमच्या त्वचेला हायड्रेशन प्रदान करते" हेही चालेल वाटायला लागतं. एखाद्या वाक्यातला नकार गळालाय हे तेव्हा दिसत नाही. आणि चूक सापडली की नाव माणसाचं.

मग हे सगळं मराठी वेबवर जातं. पुढचं मॉडेल शिकवायला वेबवरचंच मराठी उचलतात, त्यात यंत्राचं किती आणि माणसाचं किती हे वेगळं करणं अवघड, आणि इंग्रजीपेक्षा मराठी मजकूर मुळात थोडा असल्याने भेसळ इथे लवकर चढते. "प्रदान करते", "सुनिश्चित करा", "एक्सप्लोर करा" हे असंच गोल फिरत राहतं. परवा एका कामात तपासायच्या फाईलसोबत शैली कशी हवी ते दाखवायला नमुना आला होता, आधीच्या अनुवादकाने केलेला, मंजूर झालेला, याच्यासारखंच करा म्हणून. दुसऱ्याच पानावर मामाचा काका झालेला होता.