गृहशुश्रूषा सेवा

वृद्ध, दीर्घकाळ आजारी किंवा अपंग व्यक्तीला तिच्या राहत्या घरी प्रशिक्षित माणसांकडून, मोबदला घेऊन आणि लेखी आराखड्यानुसार दिली जाणारी वैद्यकीय व वैयक्तिक काळजी म्हणजे गृहशुश्रूषा सेवा. कुटुंबीय मायेने करतात ती सेवा आणि घरकामाची मदत या दोन्हींहून ती वेगळी आहे. कोणी काय करायचे, कुठे नोंदवायचे आणि काही बिघडले तर कोणाला कळवायचे, हे इथे आधी ठरलेले असते आणि त्याचा जाब विचारता येतो.

या सेवेचे दोन थर असतात. पहिला कुशल शुश्रूषेचा. इंजेक्शन, सलाइन, जखमेचे ड्रेसिंग, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी बदलणे आणि नाकातल्या नळीची देखभाल नर्स करते. फिजिओथेरपिस्ट हालचाल परत मिळवून देतो, व्यवसायोपचारतज्ज्ञ घरातले अडथळे हेरून सोय बदलतो आणि वाचोपचारतज्ज्ञ बोलण्याबरोबर गिळण्याच्या अडचणीही तपासतो. दुसरा थर वैयक्तिक काळजीचा : आंघोळ, कपडे, शौचास नेणे-आणणे, भरवणे, कूस बदलणे, चालायला आधार देणे. पहिल्या थराला पदवी, नोंदणी आणि मान असतो. दुसरा मात्र ‘कोणीही करेल’ अशा कामांत ढकलला जातो. हा समज साफ चुकीचा आहे आणि या क्षेत्रातले बरेच नुकसान त्यातूनच होते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे बरेवाईट बहुतेक वेळा याच थरात ठरते.

पक्षाघाताने एक बाजू लुळी पडलेल्या माणसाला सदरा घालायचा, तर लुळा हात बाहीत आधी जातो, चांगला नंतर. काढताना याच्या उलट, चांगला हात आधी मोकळा करायचा. हा क्रम चुकला की लुळा हात ओढला जातो. खांद्याचे स्नायू सैल पडलेले असल्यामुळे सांधा जागचा सरकतो आणि दुखणे महिनोन्‌महिने सोबत राहते. काखेत हात घालून उचलणेही त्याच कारणाने वर्ज्य आहे. पलंगावरून व्हीलचेअरवर नेताना खुर्ची माणसाच्या चांगल्या बाजूला, किंचित तिरपी लावतात. ब्रेक घट्ट करतात, पाय ठेवायच्या पट्ट्या वर उचलतात, माणसाला पलंगाच्या कडेशी आणून दोन्ही तळवे जमिनीला टेकवतात आणि थोडा वेळ तसेच बसू देतात, कारण एकदम उठवल्यास रक्तदाब उतरून भोवळ येऊ शकते. मग कमरेच्या पट्ट्याला धरून उभे करतात. त्याने काळजीवाहकाच्या गळ्याला मिठी मारायची नसते. तसे झाले की एकाचा तोल गेला तरी दोघेही पडतात.

दाबव्रण, म्हणजे बेडसोर, हा अशा माणसाचा मोठा शत्रू. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दबून राहिली की तिथला रक्तपुरवठा तुटतो. माकडहाड, टाचा, खुबे आणि घोटे या जागी तो सर्वांत आधी होतो. दर २ तासांनी कूस बदलण्याची रीत रूढ आहे. खरे अंतर गादीचा प्रकार, पोषण आणि कातडीची अवस्था पाहून ठरवावे लागते. पूर्ण कुशीवर झोपवण्याऐवजी पाठीशी उशी देऊन सुमारे ३० अंश कलते ठेवले, तर सगळा भार खुब्यावर येत नाही. पोटरीखाली उशी दिली की टाचा अधांतरी राहतात. लाल चट्टा दिसला तर तो बोटाने दाबून पाहायचा. दाबल्यावर फिकट झाला तर दाब हलवून लक्ष ठेवायचे. तसाच लाल राहिला तर इजा सुरू झाली आहे, नर्सला कळवायचे. सावळ्या कातडीवर ही लाली सहसा दिसत नाही, म्हणून हाताने ऊब आणि कडकपणा चाचपावा लागतो. चट्टा चोळायचा मात्र कधीच नाही. ही खूण बहुधा आंघोळ घालणाऱ्यालाच पहिल्यांदा दिसते. डॉक्टर येईपर्यंत पुष्कळदा तिची जखम झालेली असते.

भरवतानाही असेच. पाठ ताठ, हनुवटी किंचित खाली, लहान घास, आधीचा गिळल्याची खात्री करून पुढचा, आणि जेवणानंतर अर्धा तास तरी आडवे करायचे नाही. अन्न श्वासनलिकेत उतरून होणारा न्यूमोनिया वृद्धांच्या जिवावर बेततो. लघवीची पिशवी नेहमी मूत्राशयाच्या पातळीखाली हवी, पण जमिनीला टेकलेली नको.

सेवा सुरू करण्यापूर्वी त्या व्यक्तीला किती मदत लागते हे मोजतात. सिडनी कॅट्झ आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मांडलेली यादी अजूनही वापरात आहे. तिच्यात सहाच गोष्टी आहेत : आंघोळ, कपडे घालणे, शौचालयाचा वापर, उठून जागा बदलणे, मलमूत्रावर ताबा आणि स्वतःच्या हाताने खाणे. १९६९ मध्ये लॉटन आणि ब्रॉडी यांनी फोन, खरेदी, स्वयंपाक, औषधे, पैशांचे व्यवहार अशा अधिक गुंतागुंतीच्या कामांची दुसरी यादी तयार केली. स्मृतिभ्रंशाची चाहूल पुष्कळदा या दुसऱ्या यादीत आधी लागते.

मोजमापानंतरचा प्रश्न अवघड आहे : मदत किती करायची नाही? ज्याला तोंड धुता येते त्याच्या हातात ओला रुमाल द्यावा आणि थांबावे. त्याला वेळ लागेल, पाणी सांडेल. पण जे काम त्याच्या हातून काढून घेतले ते थोड्याच आठवड्यांत त्याला खरोखरच येईनासे होते. चांगला काळजीवाहक या थांबण्यावरून ओळखावा. अडचण अशी की थांबायला वेळ लागतो आणि वेळेचे पैसे पडतात. इंग्लंडमध्ये १५ मिनिटांच्या भेटींवर बरीच टीका झाली. तिथल्या ‘नाइस’ या मार्गदर्शक संस्थेने २०१५ मध्ये अर्ध्या तासापेक्षा कमी वेळाच्या भेटींवर अटी सुचवल्या : येणारी व्यक्ती ओळखीची असावी, काम नेमके असावे आणि ते पुरे करण्याइतका वेळ असावा. पाव तासात औषध देता येते; आंघोळ घालता येत नाही, निदान माणसाला माणूस समजून तरी नाही.

इतिहास : घरी जाऊन केलेल्या शुश्रूषेला संघटित रूप १९ व्या शतकात आले. लिव्हरपूलचे व्यापारी विल्यम रॅथबोन यांच्या पत्नीची अखेरच्या आजारात मेरी रॉबिन्सन या नर्सने सेवा केली होती. १८५९ मध्ये पत्नीच्या निधनानंतर त्यांनी त्याच नर्सला शहरातल्या गरीब रुग्णांच्या घरी जाण्यासाठी तीन महिन्यांकरता नेमले. पहिल्या महिन्याअखेर ती रडत परत आली. पाहिलेले दुःख तिला सोसवत नव्हते. रॅथबोन यांनी तिला धीर देऊन पुन्हा पाठवले, आणि मुदत संपल्यावर तिने हेच काम पुढे चालू ठेवायचे ठरवले. नंतर फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या सल्ल्याने रॅथबोन यांनी लिव्हरपूलमध्ये नर्सच्या प्रशिक्षणाची शाळा उभी केली. न्यूयॉर्कमध्ये लिलियन वॉल्ड यांनी १८९३ मध्ये स्थलांतरितांच्या दाट वस्तीत असेच काम सुरू केले, आणि १९०९ मध्ये त्यांनी एका मोठ्या विमा कंपनीला पटवले की विमेदारांच्या घरी नर्स पाठवणे तिच्याही फायद्याचे आहे. न्यूयॉर्कच्याच माँटेफिओर रुग्णालयाने १९४७ मध्ये रुग्णालयाचे उपचार घरी नेणारी योजना आखली.

अपंग व्यक्तींची वाट वेगळी होती. आपण आजारी नाही, तेव्हा आपला दिनक्रम डॉक्टर किंवा नर्सने का ठरवावा, हा त्यांचा रास्त सवाल होता. पोलिओमुळे श्वासासाठी यंत्रावर अवलंबून असलेले एड रॉबर्ट्स आणि त्यांचे सहकारी यांनी १९७२ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली येथे स्वतंत्र जीवन केंद्र स्थापन केले. मदतनीस निवडणे, शिकवणे आणि गरज पडल्यास काढून टाकणे हा अधिकार सेवा घेणाऱ्याचाच, हा या चळवळीचा गाभा. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारातील कलम १९ मध्ये कुठे आणि कोणाबरोबर राहायचे हे निवडण्याचा हक्क, तसेच त्यासाठी लागणारी घरपोच मदत मान्य झाली आहे. वृद्धांच्या सेवेने या चळवळीकडून अजून पुष्कळ शिकायला हवे. ऐंशीच्या घरातल्या माणसाला आंघोळ सकाळी हवी की रात्री, हे त्यालाच विचारले पाहिजे.

खर्च हा कळीचा मुद्दा. ही सेवा वर्षानुवर्षे लागू शकते आणि एकट्या कुटुंबाला ती झेपत नाही. जर्मनीने १९९५ पासून यासाठी सक्तीचा स्वतंत्र विमा लागू केला. त्यात घरी व्यावसायिक सेवा घ्यायची की काळजी घेणाऱ्या नातेवाइकासाठी रोख रक्कम, हे निवडता येते. जपानने एप्रिल २००० मध्ये दीर्घकालीन काळजी विमा सुरू केला. तिथे वयाच्या ४० व्या वर्षापासून हप्ता भरावा लागतो, गरजेची पातळी ठरवून घेतली जाते आणि सेवांची आखणी करून द्यायला एक व्यवस्थापक मिळतो. अशी सोय नसते तिथे हा भार बहुतेक वेळा घरातल्या बाईवर, तिच्या नोकरीवर आणि तब्येतीवर पडतो.

काळजीवाहकांची स्थितीही बहुतेक ठिकाणी चांगली नाही. कमी वेतन, एका घरून दुसऱ्या घरी जाण्याच्या वेळेचा मोबदला न मिळणे, कंबरदुखी, परक्या घरात एकटीने काम करताना वाटणारी असुरक्षितता. त्यामुळे माणसे टिकत नाहीत आणि सेवा घेणाऱ्याला दर थोड्या दिवसांनी नव्या अनोळखी व्यक्तीसमोर कपडे उतरवावे लागतात. नेदरलँड्समध्ये २००६ मध्ये अवघ्या चार नर्सच्या गटापासून सुरू झालेल्या ‘ब्युर्टझोर्ग’ संस्थेने यावर वेगळा उपाय केला. जास्तीत जास्त बारा जणांचा गट एक परिसर सांभाळतो. वेळापत्रक, कामाची वाटणी आणि नवी भरती गटच ठरवतो, वर साहेब नाही. एका घरी शक्यतो मोजकीच आणि ओळखीची माणसे जातात.

घर हे नेहमीच योग्य ठिकाण असते असे नाही. रात्री उठून बाहेर पडणारा स्मृतिभ्रंशाचा रुग्ण घरात एकटाच राहत असेल, सतत यंत्रांची देखरेख लागत असेल किंवा घरच्यांचाच जाच होत असेल, तर निवासी संस्था वा रुग्णालय बरे. बंद दाराआड हयगय, मारहाण आणि पैशांची अफरातफर लपून राहू शकते. म्हणून पर्यवेक्षकाने न कळवता अधूनमधून यावे आणि सेवा घेणाऱ्याशी एकांतात बोलावे.

सेवा निवडताना मोबदल्याच्या आकड्याआधी काही गोष्टी विचाराव्यात. घरी येऊन मूल्यमापन कोण करणार? नेहमीची व्यक्ती आजारी पडली तर कोण येणार आणि तिला कामाची माहिती कोण देणार? रात्री फोन कोण उचलणार? औषधे, खाणेपिणे, लघवी, कातडीची अवस्था यांची रोजची नोंदवही घरातच राहते का, आणि ती वाचायला सेवा घेणाऱ्याला मिळते का?