गडचिरोलीची नवजात बालसेवा आणि वगळलेले इंजेक्शन

बाळंतपणानंतर गावातली आशा कार्यकर्ती घरी येते, बाळाचे वजन करते, अंग गार आहे की गरम ते पाहते, बाळ अंगावर नीट पिते का विचारते. २०११ पासून हा देशभराचा सरकारी कार्यक्रम आहे आणि त्याचे मूळ गडचिरोलीत आहे, हे आता बहुतेकांना माहीत असते. पण गडचिरोलीत जे तपासले गेले आणि देशाने जे स्वीकारले, त्यांत एका इंजेक्शनाचा फरक आहे. त्या फरकावर जितके बोलले जायला हवे, तितके बोलले जात नाही.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात. चंद्रपूरमधून १९८२ साली वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात दशकाच्या शेवटी शंभराहून अधिक गावांत न्यूमोनियाचा अभ्यास झाला. गावातच आजार ओळखून औषध दिले तर न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू निम्म्याहून खाली येतात, असे त्यातून दिसले. १९९० मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निरक्षर दायांना श्वास मोजता यावेत म्हणून तेव्हा मण्यांचे एक साधन बनवले होते. दर १० श्वासांना एक मणी सरकवायचा; वाळूचे घड्याळ संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली, तर न्यूमोनिया समजायचा. पुढच्या सगळ्या कामाचा पाया या साधनात दिसतो. माणूस कमी शिकलेला आहे म्हणून काम सोपे करायचे, पण उपचार कमी करायचा नाही.

न्यूमोनिया आटोक्यात आल्यावरही पहिल्या महिन्यातले मृत्यू उरलेच. १९९३ मध्ये ३९ गावे प्रयोगासाठी आणि ४७ गावे तुलनेसाठी घेऊन दोन्हीकडचे जन्ममृत्यू नोंदवायला सुरुवात झाली. उपचार सुरू करण्यापूर्वी १९९५-९६ मध्ये एक वर्ष नुसते निरीक्षण केले. त्या वर्षी पाहिलेल्या ७६३ बाळांपैकी जवळपास निम्म्या बाळांना गंभीर स्वरूपाचा काही ना काही त्रास झाला. डॉक्टरची नजर पडली ती फक्त २.६ टक्के बाळांवर. सुमारे ९५ टक्के बाळंतपणे घरीच होत होती, आणि बाळंतीण व बाळ काही आठवडे घराबाहेर पडत नसत. दवाखाना कितीही चांगला असता, तरी बाळ तिथवर पोहोचतच नव्हते.

म्हणून पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या गावातल्याच बायकांना तयार केले गेले. जन्माच्या वेळी हजर राहणे, श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास देणे, कमी वजनाच्या बाळाला उबेत ठेवणे ही कामे त्या करू लागल्या. तिसऱ्या वर्षी प्रयोगाच्या गावांतला नवजात मृत्युदर हजारी ६२ वरून २५.५ वर आला. तुलनेच्या गावांत तो ६० च्या आसपासच राहिला. डिसेंबर १९९९ मध्ये हे निष्कर्ष छापून आले आणि वाद सुरू झाला तो इंजेक्शनाचा.

रक्तातला जंतुसंसर्ग, म्हणजे सेप्सिस, हा नवजात बाळाचा मोठा मारेकरी. बाळ दूध ओढेनासे होते, रडणे क्षीण होते, अंग गार पडते, ते सुस्त होते. अशी काही लक्षणे एकत्र दिसली की या कार्यकर्त्या आधी दवाखान्यात न्यायला सांगत. घरच्यांनी नेले नाही, तर त्यांच्या संमतीने जेंटामायसिन या प्रतिजैविकाचे इंजेक्शन आणि जोडीला तोंडाने द्यायचे दुसरे प्रतिजैविक सुरू करत. ज्या बाईकडे वैद्यकीय पदवी नाही, नर्सिंगचे शिक्षण नाही, तिने काही दिवसांच्या बाळाच्या मांडीत सुई टोचायची, हे अनेक बालरोगतज्ज्ञांना पटले नाही.

आक्षेप पोकळ नव्हते. मात्रा चुकली तर काय, गळू झाले तर काय, गरज नसताना प्रतिजैविक दिले गेले तर जंतू दाद देईनासे होतील त्याचे काय? शिवाय गावांची वाटणी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती, ही पद्धतीतली त्रुटी होतीच. आणखी एक आक्षेप वेगळ्या बाजूने आला: शहरातल्या बाळाला डॉक्टर आणि खेड्यातल्या बाळाला सातवी पास बाई, असा दुजाभाव सरकारने का मान्य करायचा? पुढे उत्तर प्रदेशातल्या एका अभ्यासात इंजेक्शनाशिवाय, केवळ ऊब, स्तनपान आणि स्वच्छता यांवर भर देऊनही नवजात मृत्यू निम्म्याने घटले. इंजेक्शन नको म्हणणाऱ्यांना त्यामुळे बळ मिळाले.

पण गडचिरोलीची स्वतःची आकडेवारी दुसऱ्या पारड्यात आहे. उपचार सुरू होण्याआधी सेप्सिस झालेल्या बाळांपैकी १६.६ टक्के दगावत होती. उपचारानंतर हे प्रमाण २.८ टक्के झाले. २००५ मध्ये कोणत्या उपायाने किती मृत्यू टळले याची फोड केली गेली. त्यात सेप्सिसच्या उपचाराचा वाटा ३६ टक्के, कमी वजनाच्या बाळांच्या काळजीचा ३४ टक्के आणि जन्मतः गुदमरणाऱ्या बाळांवरील उपचाराचा १९ टक्के निघाला. निव्वळ प्रतिबंधाचा वाटा ७ टक्के होता. इंजेक्शन वगळायचे ठरवणाऱ्यांनी या ३६ टक्क्यांना काय पर्याय आहे, हे सांगणे बंधनकारक होते. ते सांगितले गेले नाही. दुजाभावाचा आक्षेपही तेव्हाच टिकतो, जेव्हा डॉक्टर खरोखर पोहोचणार असतो.

मधल्या काळात बरेच काही झाले. २००१ मध्ये राज्यातल्या स्वयंसेवी संस्थांनी मिळून केलेल्या मोजणीत बालमृत्यू सरकारी नोंदींपेक्षा कितीतरी जास्त आढळले, आणि नोंदी अपुऱ्या आहेत हे सरकारने नेमलेल्या समितीनेही नंतर मान्य केले. गडचिरोलीची पद्धत राज्यात इतर ७ ठिकाणी वापरून पाहिली गेली. तिथेही मृत्युदर निम्म्याने घटला. २००५ पासून दवाखान्यात बाळंतपण करणाऱ्या मातांना रोख मदत मिळू लागली आणि घरची बाळंतपणे झपाट्याने कमी झाली.

२०११ चा राष्ट्रीय कार्यक्रम या टप्प्यावर आला. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी ६ भेटी, घरी जन्मलेल्याच्या ७, आशाला २५० रुपये. इंजेक्शन मात्र नाही. धोक्याची खूण दिसली की दवाखान्यात पाठवायचे. २०१४ च्या सुरुवातीला एक अर्धी वाट काढली गेली. बाळाला पुढे नेणे शक्यच नसेल, तर उपकेंद्रातली नर्स जेंटामायसिन देऊ शकेल, आशा नाही. केंद्रातले सरकार बदलल्यावरही कार्यक्रम चालू राहिला आणि २०१८ मध्ये घरभेटी १५ महिन्यांच्या वयापर्यंत वाढल्या. कोणत्याही पक्षाच्या घोषणेतून न आलेले काम दोन्ही बाजूंनी आपले मानले, ही मोठी गोष्ट आहे.

२०२० च्या नमुना नोंदणीनुसार महाराष्ट्राचा नवजात मृत्युदर हजारी ११ होता आणि देशाचा २०. देशात ८८ टक्क्यांहून अधिक बाळंतपणे आता दवाखान्यात होतात, त्यामुळे इंजेक्शनाचा वाद जुना झाला असे म्हटले जाते. परंतु दवाखान्यातून आई आणि बाळ दोन-तीन दिवसांत घरी येतात, आणि सेप्सिस त्यानंतरही होतो. भामरागड किंवा धडगावच्या एखाद्या पाड्यावर पावसाळ्यात नाला भरलेला असताना सहाव्या दिवशी बाळाने दूध सोडले, तर २०१४ च्या सूचनेप्रमाणे नर्सने तिथे असायला हवे. आशा तर त्याच पाड्यावर राहते, आणि इंजेक्शन देण्याची परवानगी तिला अजून नाही.