पशुसाथरोगशास्त्र आणि शाश्वत पशुपालन

पशुसाथरोगशास्त्र : रोग कोणत्या जनावरांत, कधी, कुठे आणि कशामुळे पसरतो, याचा कळपाच्या पातळीवर अभ्यास करणारे शास्त्र. पशुवैद्य आजारी गाय तपासतो. साथरोगतज्ज्ञ तिच्या शेजारच्या धडधाकट गायीही मोजतो. 10 वासरे दगावली, एवढ्याने काहीच कळत नाही; 40 पैकी की 400 पैकी, हा छेद महत्त्वाचा. नोंदवह्यांत नेमका तोच हरवतो, कारण विकलेली जनावरे निमूटपणे वगळली जातात.

शाश्वत पशुपालनाशी याचा संबंध असा : आजारी जनावर मेले नाही तरी चारा-पाणी खाते, मिथेन सोडते, दूध मात्र कमी देते. सुप्त कासदाहात (कासेच्या छुप्या संसर्गात) तर कास आणि दूध दोन्ही वरून चांगली दिसतात. म्हणून कॅलिफोर्निया चाचणी करतात. पहिल्या धारा टाकून प्रत्येक सडाचे 2-3 मिलि दूध चार खणांच्या थाळीत वेगवेगळे घ्यायचे, तेवढेच चाचणीचे द्रावण घालून सुमारे 10 सेकंद गोल फिरवायचे. पांढऱ्या पेशी फुटून त्यांतील डीएनए मोकळा होतो आणि मिश्रण चिकट होते. एका मिलिलिटरमध्ये 2 लाखांहून अधिक कायिक पेशी (दुधात उतरलेल्या शरीराच्या पेशी, मुख्यतः पांढऱ्या) असल्यास संसर्गाचा संशय घेतात. नुकत्याच व्यालेल्या किंवा आटत आलेल्या गायीत ही चाचणी फसवते. बाधित गायी अशा हुडकल्या, की आटवताना सरसकट सगळ्यांना प्रतिजैविके द्यावी लागत नाहीत आणि जीवाणूंची औषधरोधकताही आवरता येते.

मोठ्या कळपात रोगाचे प्रमाण किमान 5 टक्के असेल, तर यादृच्छिकपणे (चिठ्ठ्या टाकल्यासारख्या) निवडलेल्या 59 जनावरांत एक तरी बाधित सापडण्याची खात्री 95 टक्के असते. दाराजवळ बांधलेली सोयीची 59 घेतली, तर हे गणित लागू पडत नाही. चाचणीचेही तसेच. संवेदनशीलता (बाधितांना बाधित ठरवण्याचे प्रमाण) आणि विशिष्टता (निरोगींना निरोगी ठरवण्याचे प्रमाण) दोन्ही 95 टक्के असूनही, रोग 1 टक्काच असेल तर बाधित ठरलेल्या 100 पैकी जेमतेम 16 खरोखर बाधित निघतात. पहिल्याच निकालावर जनावरे काढून टाकणे म्हणूनच महागात पडते. दुसऱ्या प्रकारची चाचणी आधी करावी.

बुळकांडी या गुराढोरांच्या विषाणूजन्य रोगाचे जगातून उच्चाटन 2011 मध्ये जाहीर झाले. लस टिकाऊ होती, पण लशीमुळे आणि रोगामुळे रक्तात तयार होणारी प्रतिपिंडे (रोगाशी लढणारी प्रथिने) वेगळी ओळखता येत नसत. त्यामुळे अखेरच्या टप्प्यात लसीकरण थांबवून, त्यानंतर जन्मलेल्या जनावरांचे रक्त तपासावे लागले.