भरलेली एस्टेट, रिकामी एस्टेट आणि मागच्या स्प्रिंगचं गणित

लांबच्या प्रवासाला आरामदायी गाडी हवी म्हटलं की दोन सल्ले हमखास मिळतात. एक, उंच एसयूव्ही घे. दुसरा, शोरूममध्ये सीट दाबून बघ, मऊ लागली की झालं. दोन्ही सल्ले मला पटत नाहीत. ज्यांना मोटरवेवर सलग चार-पाच तास, ताशी ११० ते १३० किलोमीटरने, मागे माणसं आणि डिकीत गच्च सामान भरून जायचंय त्यांनी आधी एस्टेटकडे बघावं. एस्टेट म्हणजे सेडानचंच छत मागे शेवटपर्यंत नेलेली गाडी, मर्सिडीज ई-क्लास एस्टेट, बीएमडब्ल्यू ५ टूरिंग, ऑडी ए६ अव्हांत, व्होल्वो व्ही९० या वर्गातली. आणि एस्टेट निवडताना घोड्यांची ताकद आणि लेदर नंतर, सगळ्यात आधी मागच्या चाकांवर कुठली स्प्रिंग आहे ते विचारावं. का, ते सांगतो, थोडं गणित येईल पण शाळेतलंच आहे.

आधी शरीराचं बघू. आपलं शरीर सगळे हादरे सारखे मोजत नाही. बसलेल्या माणसाला वर-खाली हलवलं तर सेकंदाला ४ ते ८ वेळा, म्हणजे ४ ते ८ हर्ट्झ वारंवारतेने होणारी थरथर सगळ्यात जास्त खुपते, कारण धड आणि पोटातले अवयव साधारण त्याच पट्ट्यात स्वतःहून जोरात हलायला लागतात. आडव्या दिशेत, म्हणजे डावं-उजवं किंवा पुढं-मागं, २ हर्ट्झच्या खालचं हलणं जास्त जाणवतं. आणि अगदी संथ, पाच सेकंदांत एकदा, म्हणजे ०.२ हर्ट्झच्या आसपास, तिथे लोकांना गाडी लागते. आयएसओ २६३१ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे त्यात कुठल्या वारंवारतेच्या हादऱ्याला किती महत्त्व द्यायचं ते सगळं ठरवून दिलेलं आहे, म्हणजे 'आराम' ही नुसती भावना नाही, ती बऱ्यापैकी मोजता येते.

आता गाडी. स्प्रिंगवर बसलेलं वस्तुमान स्वतःच्या एका ठरावीक वारंवारतेने हलतं, आणि ती किती हे काढायचं सोपं सूत्र आहे: गाडीच्या वजनाने स्प्रिंग किती सेंटीमीटर दबली ते घ्यायचं, त्याचं वर्गमूळ काढायचं आणि ५ ला त्याने भागायचं. २५ सेंटीमीटर दबली तर १ हर्ट्झ, सव्वासहा सेंटीमीटर दबली तर २ हर्ट्झ. आरामदायी गाड्या १ ते दीड हर्ट्झमध्ये ठेवतात, गाडी लागायच्या पट्ट्याच्या बऱ्याच वर आणि पोट हलवणाऱ्या पट्ट्याच्या बऱ्याच खाली. यातली गंमत अशी की रस्त्यावरून येणाऱ्या हादऱ्याची वारंवारता गाडीच्या स्वतःच्या वारंवारतेच्या १.४ पटीच्या वर गेली की स्प्रिंग तो हादरा गाळायला लागते, आणि जितकी वर तितकी जास्त गाळते. समजा काँक्रीटच्या रस्त्यावर दर ५ मीटरला सांधा आहे आणि आपण ताशी १२० ने जातोय, तर सेकंदाला ६.७ ठोके येतात, म्हणजे बरोबर ४ ते ८ च्या मधे! तिथे १.२ हर्ट्झची गाडी आणि १.८ हर्ट्झची 'स्पोर्ट' गाडी यांतला फरक दोन तासांनी कंबर सांगते.

पण एक गाडी म्हणजे एक स्प्रिंग नाही. पुढची चाकं आधी उंचवट्यावर चढतात, मागची नंतर. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, ३ मीटर आणि वेग ताशी १२० असेल तर मधला वेळ ०.०९ सेकंद. तेवढ्या वेळात पुढचं टोक वर निघालेलं असतं, मागचं अजून जागेवर, म्हणजे गाडी नाक वर करते, मग मागचं टोक उठतं, आणि अशी पुढं-मागं डुलत राहते. डोकं गाडीच्या मध्यापासून बरंच वर असल्यामुळे हे डुलणं डोक्याला आडवं हलवतं, आणि आडवं हलणं आपल्याला जास्त बोचतं हे वर आलंच.

यावरचा उपाय मॉरिस ओली या इंजिनिअरने मांडला. आधी रोल्स-रॉइसमध्ये असलेला हा माणूस १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत कॅडिलॅकमध्ये काम करत होता. त्याने एका मोठ्या लिमोझिनवर पुढे-मागे सरकवता येतील अशी वजनं बसवली, स्प्रिंगा बदलत गेला, आणि आराम मोजायचं यंत्र नव्हतं म्हणून लोकांना गाडीत बसवून कसं वाटतंय ते विचारत गेला. त्यातून नियम निघाला की मागच्या स्प्रिंगची वारंवारता पुढच्यापेक्षा थोडी जास्त ठेवायची. म्हणजे मागचं टोक उशिरा निघालं तरी जरा भरभर हलतं, एक-दोन झोक्यांत पुढच्याला गाठतं, आणि डुलण्याचं रूपांतर सरळ वर-खाली हलण्यात होतं, जे माणसाला खूपच कमी त्रास देतं. इतकी साधी कल्पना, पण मला आजही ती मोटारीतल्या सगळ्यात सुंदर कल्पनांपैकी एक वाटते.

आणि एस्टेट नेमकी हीच कल्पना मोडते.

कसं ते बघा. समजा रिकाम्या गाडीत पुढे १.२ हर्ट्झ, मागे १.४ हर्ट्झ, ओलीच्या नियमाप्रमाणे अगदी छान. मागच्या स्प्रिंगांवर ७०० किलो आहेत. आता मागच्या सीटवर माणसं, डिकीत बॅगा, मिळून मागच्या स्प्रिंगांवर ३५० किलो वाढले, म्हणजे दीडपट झालं. स्प्रिंग पोलादाची असेल तर तिचा कडकपणा तोच राहतो, वस्तुमान दीडपट, वारंवारता दीडच्या वर्गमुळाने खाली येते, १.४ चे १.१४ होतात. पुढच्या १.२ च्याही खाली! नियम उलटा झाला, मागचं टोक उशिरा निघतं आणि संथही हलतं, गाठायचं तर सोडाच, मागेच पडत जातं. वर गाडी मागे ६ सेंटीमीटर बसते, म्हणजे खड्ड्यासाठी राखलेली स्प्रिंगची हालचाल तितकी कमी, हेडलाइट आकाशाकडे, आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर ज्या वजनासाठी निवडला होता त्यापेक्षा दीडपट वजन सांभाळतोय त्यामुळे झोका लवकर थांबत नाही. सेडानमध्येही हे होतं, पण सेडानच्या डिकीत मावून मावून किती मावणार. कंपन्या मग पोलादी स्प्रिंग मुळातच कडक बसवतात, भरल्यावर बरी चालावी म्हणून, आणि वर्षातले बहुतेक दिवस एकटा ड्रायव्हर रिकाम्या गाडीत त्या कडकपणाचे गचके खातो.

हवेची स्प्रिंग, म्हणजे पोलादाऐवजी रबराच्या पिशवीत कोंडलेली हवा, इथे कामाला येते. हवेच्या स्प्रिंगचा कडकपणा दाब गुणिले क्षेत्रफळाचा वर्ग भागिले आकारमान याच्या प्रमाणात असतो. वजन दीडपट झालं, गाडी खाली बसली, सेन्सरने ते ओळखलं, कॉम्प्रेसरने आणखी हवा भरून गाडी मूळ उंचीवर आणली. उंची तीच म्हणजे आकारमान तेच, पण दाब दीडपट. म्हणून कडकपणाही दीडपट. वस्तुमान दीडपट, कडकपणा दीडपट, वारंवारता जिथल्या तिथे, १.४ म्हणजे १.४! स्प्रिंगला स्वतःला काहीच कळत नाही तरी ती भाराप्रमाणे कडक होते, हे नुसत्या बॉईलच्या नियमाच्या (वायूचं आकारमान घटलं की दाब वाढतो) नातेवाइकांचं काम आहे.

सिट्रोएनने १९५५ च्या डीएस या गाडीत वेगळा रस्ता घेतला. तिथे गोळ्यात कोंडलेला वायू कायम तेवढाच, उंची राखायला तेल आत-बाहेर करतात. भार वाढला की वायूचा दाब दीडपट होतो आणि आकारमानही दीडपटीने घटतं, म्हणून कडकपणा दीडचा वर्ग, म्हणजे सव्वादोन पट होतो आणि वारंवारता कमी न होता उलट सुमारे १.२ पट वाढते. पण त्या गाड्यांत मुळातच वारंवारता खूप कमी ठेवलेली असायची त्यामुळे वाढली तरी आरामातच, आणि मागची पुढच्यापेक्षा जास्त हा नियमही टिकायचा. सीएक्स ब्रेक ही त्यांची एस्टेट, व्हीलबेस ३ मीटरच्या वर, ती लांब पल्ल्याला इतकी का नावाजली गेली ते या दोन ओळींत आहे. सी५ या गाडीवर ही परंपरा थांबली याचं मला खरंच वाईट वाटतं.

मग घ्यायची कुठली? २०१६ ची ई-क्लास एस्टेट आणि २०१७ ची ५ टूरिंग, या पिढ्यांत मागे हवेची स्प्रिंग सगळ्यांनाच मिळायची, वेगळे पैसे न भरता. ए६ अव्हांतला चारही चाकांवर हवा ऐच्छिक. व्ही९० ला मागे संमिश्र पदार्थाची आडवी पट्टी-स्प्रिंग येते, वजनाला हलकी आणि हुशार रचना, पण भाराप्रमाणे कडकपणा बदलणारी नव्हे, तिथेही मागची हवा ऐच्छिक असते, म्हणून जुनी घेताना ती आहे का ते आवर्जून बघा. जुन्या व्होल्वो एस्टेटमध्ये निव्होमॅट नावाचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर सापडतो, गाडीच्या हलण्यावरच त्याचा आतला पंप चालतो आणि थोडं अंतर गेल्यावर मागचं टोक वर येतं, ना कॉम्प्रेसर ना वायर. हवेवाल्या जुन्या गाडीत रबराच्या पिशव्यांना चिरा पडतात, रात्रभर उभी राहून सकाळी मागचा एक कोपरा खाली बसलेला दिसला तर गळती आहे असं समजा, आणि गळती भरून काढता काढता कॉम्प्रेसर जळतो.

एसयूव्हीचं राहिलं. उंच गाडीचा गुरुत्वमध्य वर, वळणावर ती जास्त झुकणार, ते रोखायला डावं-उजवं चाक जोडणारा अँटी-रोल बार जाड बसवतात, आणि मग एका चाकाखालचा खड्डा दुसऱ्या बाजूलाही पोचतो, डोकं बाजूला फेकलं जातं. महागड्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक उपाय असतात, पण तो त्रास एस्टेटमध्ये मुळात कमीच असतो.

चाकं लहान घ्या. २२५/५५ आर १७ आणि २४५/३५ आर २० या दोन्ही टायरांचा बाहेरचा व्यास जवळपास सारखाच, ६८ सेंटीमीटर, पण पहिल्याची रबरी भिंत १२४ मिलिमीटर, दुसऱ्याची ८६. रस्त्याचा बारीक खरखरीतपणा स्प्रिंगपर्यंत पोचायच्या आधी ही भिंतच खाते. टायरमध्ये नायट्रोजन भरला की गाडी मऊ चालते असं विकणाऱ्यांना पैसे देऊ नका, साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. तसंच ती मागच्या बंपरला लोंबणारी रबरी पट्टी, स्थिर वीज जमिनीत जाते म्हणून गाडी लागत नाही म्हणे! गाडी लागते ती आतल्या कानाला हालचाल कळते आणि पुस्तकात खुपसलेल्या डोळ्यांना ती दिसत नाही म्हणून. मुलांना लांब क्षितिजाकडे बघायला सांगा, पट्टी काढून टाका.

आवाजात मात्र एस्टेटची एक खरी अडचण आहे. सेडानमध्ये डिकी आणि केबिन यांत मागची सीट आणि धातूची पट्टी आडवी येते, एस्टेटमध्ये सगळा एकच लांब डबा. ३ मीटर लांबीच्या बंद डब्यात हवेचा पहिला अनुनाद (हवा स्वतःहून जोरात घुमायला लागते ती वारंवारता) सुमारे ५७ हर्ट्झला येतो, २ मीटरच्या डब्यात ८६ ला. खरखरीत रस्त्यावर एस्टेटमध्ये कानावर दाब आल्यासारखी जी घुमघुम जाणवते तिच्यात याचा मोठा हात आहे. गाड्यांच्या परीक्षणात छापतात ते डीबीए (माणसाच्या कानाला जसं ऐकू येतं त्या अंदाजाने मोजलेले डेसिबल) हे आकडे याबाबतीत फसवे आहेत, कारण त्या मापनात ५० हर्ट्झच्या आवाजातून तब्बल ३० डेसिबल वजा होतात. कमी आकडा असलेली गाडीही घुमू शकते. वाऱ्याच्या आवाजाची शक्ती वेगाच्या साधारण सहाव्या घाताने वाढते, ११० वरून १३० वर गेलात तर जवळजवळ पावणेतीनपट, म्हणून बाजूच्या काचा दोन थरांच्या, मधे पडदा असलेल्या मिळत असतील तर त्यावर पैसे खर्च करा.

सीटबद्दल एवढंच की जाड मऊ फोमवर बसलेला माणूस स्वतःच ४ हर्ट्झच्या आसपास जास्त उसळतो, म्हणजे मऊ सीट नेमका नको तो पट्टा वाढवते. मांडीला शेवटपर्यंत आधार आणि कंबरेचा आधार वर-खाली करता येणं जास्त महत्त्वाचं.

टेस्ट ड्राइव्हला रिकाम्या गाडीत शहरात चक्कर मारून काही कळत नाही. तीन माणसं आणि खरं सामान घेऊन जा, नोंदणीच्या कागदावर किती किलो भार चालतो ते आधी बघा, मोटरवेवर ११० ला पुलाच्या सांध्यावरून जाताना मागच्या सीटवर बसा आणि सांधा गेल्यावर गाडी किती झोक्यांत शांत होते ते मोजा. एकात झाली तर उत्तम, तीन लागले तर सोडून द्या. आणि हवेची स्प्रिंग असली तरी टायरमधली हवा काही आपोआप वाढत नाही, भरलेल्या गाडीचा दाब दाराच्या खांबावर किंवा इंधनाच्या झाकणामागे वेगळा लिहिलेला असतो, तो टायर थंड असतानाच भरायचा.