छातीतली गुडगुड

फ्रान्समधल्या माँपेलिए इथले वैद्यकाचे प्राध्यापक लाझार रिव्हिएर यांनी सतराव्या शतकात एका २४ वर्षांच्या माणसाच्या शवविच्छेदनाची नोंद करून ठेवली. पोटात असायला हवं ते त्याच्या छातीत सापडलं होतं. रिव्हिएर गेल्यावर, १६७९ मध्ये थिओफिल बोने यांनी छापलेल्या शवविच्छेदनांच्या संग्रहात ही नोंद आली. श्वासपटलाच्या जन्मजात हर्नियाची, म्हणजे त्यातल्या जन्मापासूनच्या भोकातून पोटातलं काही छातीत शिरण्याची, ती पहिली नोंद मानली जाते. गंमत अशी, की आज हा आजार वैद्यकाच्या पुस्तकांत नवजात बाळांच्या प्रकरणात भेटतो, आणि त्याचा पहिला नोंदलेला रुग्ण मात्र चांगला मिसरूड फुटलेला!

मोठ्या माणसांत या आजाराचं निदान हमखास चुकतं, ते याच समजापायी. तो लहानांचा आजार आहे असं मनात पक्कं बसलं, की चाळिशीच्या माणसात तो शोधायचं कुणाच्या डोक्यात येत नाही.

श्वासपटल म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधली घुमटाच्या आकाराची स्नायूंची चादर. उचकी लागते तेव्हा आचके देते ती हीच. गर्भात ती एकसंध तयार होत नाही. गोधडीसारखी वेगवेगळे तुकडे जोडून शिवली जाते. मागच्या बाजूच्या फटी साधारण आठव्या आठवड्यात बुजतात. उजवी आधी, डावी नंतर. तोवर गर्भाची आतडी नाळेच्या मुळाशी, पोटाबाहेर वाढत असतात. दहाव्या आठवड्याच्या सुमारास ती पोटात परततात. तेव्हा एखादी फट उघडी राहिली असेल, तर सरळ छातीत शिरतात आणि फुप्फुसाला वाढायला जागाच उरत नाही. सुमारे तीन हजार जन्मांमागे एका बाळात हे घडतं आणि जन्मल्याबरोबर त्याचा श्वास अडतो.

या मागच्या भोकाला प्रागचे शरीररचनातज्ज्ञ बोख्दालेक यांचं नाव आहे. त्यांनी १८४८ मध्ये त्याचं वर्णन केलं. हर्निया का होतो याबद्दलचा त्यांचा तर्क पुढे चुकीचा ठरला, नाव मात्र टिकलं. दुसरं भोक पुढच्या बाजूला, उरोस्थीच्या मागे. ते इटलीतल्या पादुआचे मॉर्गान्यी यांच्या नावाचं. ‘बोख्दालेकचा ब म्हणजे बॅक’ असं विद्यार्थी घोकतात. बोख्दालेक बहुधा डावीकडे असतो, कारण उजवीकडे यकृताचा भक्कम टेकू आहे. मॉर्गान्यी बहुतेक उजवीकडे, कारण तिथे डावी बाजू हृदयाच्या आवरणाने झाकलेली असते.

मग भोक जन्मापासूनचं, तर त्रास चाळिशीत का? फट लहान असेल, तर चरबी, प्लीहा किंवा यकृत तिला बुचासारखं बसतं. गर्भात आतडी वर गेलेलीच नसल्याने फुप्फुस नीट वाढलेलं असतं आणि माणूस शाळा, नोकरी, संसार सगळं बिनतक्रार करतो. पण दर श्वासाला छातीतला दाब उतरतो आणि पोटातला चढतो. मिनिटाला १५ श्वास धरले, तर दिवसाला २१,६०० वेळा पोटातल्या ऐवजाला वरून बोलावणं येतं. त्यात गरोदरपण, बाळंतपणातल्या कळा, जुनाट खोकला, बद्धकोष्ठतेतलं कुंथणं, जड ओझं किंवा वाढलेलं वजन यांची भर पडली, की एक दिवस बूच हलतं आणि जठर किंवा मोठं आतडं वर सरकतं.

तक्रारी कशा, तर अगदी घरगुती. जेवल्यावर छाती भरून येते, डाव्या बरगडीखाली दुखतं, आडवं झालं की दम लागतो, मधूनच उलटी होते. आपल्याकडे याला ‘पित्त’ किंवा ‘गॅस’ म्हणून वर्षानुवर्षं गोळ्या चालतात. वर घसरलेलं जठर आपोआप खालीही येतं, आणि नेमक्या त्याच दिवशी एक्स-रे काढला तर तो स्वच्छ निघतो. रुग्णावरच ‘मनाचे खेळ’ असा शिक्का बसायला मग वेळ लागत नाही.

एक्स-रेत काही दिसलं तरी सापळा आहेच. छातीत डावीकडे मोठा काळा बुडबुडा आणि त्याच्या तळाशी पाण्याची आडवी रेघ. हे चित्र पाहून छातीत हवा-पाणी साठलंय किंवा फुप्फुसात गळू झालंय असं वाटणं साहजिक आहे. भारतात तर क्षयरोग आधी आठवतो, आणि त्यात गैर काही नाही. इथे तो आहेच तितका. पण घाईने छातीत नळी टाकली आणि तो बुडबुडा प्रत्यक्षात जठराचा निघाला, तर सुई-सुरीने जठरच फोडल्यासारखं होतं. असे प्रकार वैद्यकीय नियतकालिकांत एकदा नव्हे, अनेकदा नोंदले गेलेत.

यावर एक साधा उपाय मला फार आवडतो, कारण त्याला महागडं यंत्र लागत नाही. नाकातून जठरापर्यंत रायल्स ट्यूब घालायची आणि पुन्हा एक्स-रे काढायचा. नळी पोटात न दिसता छातीत वेटोळं घालून बसलेली दिसली, की कोडं सुटलं. त्याहून स्वस्त म्हणजे स्टेथोस्कोप. छातीवर श्वासाचा आवाज ऐकू येण्याऐवजी आतड्यांची गुडगुड ऐकू आली, तर कान टवकारायला हवेत. शेवटचा निवाडा सीटी स्कॅनचा. आडव्या छेदांसोबत उभे छेदही पाहिले, की भोक कुठे, केवढं आणि त्यातून काय वर गेलंय ते कळतं. गर्भवतीत किरणोत्सर्ग टाळायचा म्हणून एमआरआय. शिवाय एक प्रश्न विचारायलाच हवा: पूर्वी कधी अपघात झाला होता का? गाडीवरून पडल्यावर फाटलेलं श्वासपटलही वर्षांनंतर असंच तोंड वर काढू शकतं. अन्ननलिकेच्या छिद्रातून जठर वर सरकतं तो हायटस हर्निया, जो मोठ्यांमध्ये कितीतरी जास्त आढळतो, तो या दोन्हींहून वेगळा.

जठराला पीळ पडला तर मात्र घड्याळ सुरू होतं. मोरिट्झ बोर्खार्ट यांनी १९०४ मध्ये सांगितलेली तीन लक्षणं आजही उपयोगी आहेत: पोटाच्या वरच्या भागात जोरात दुखणं, उमाळे येऊनही उलटीत काहीच न पडणं आणि रायल्स ट्यूब आत न जाणं. पिळामुळे रक्तपुरवठा तुटला, तर जठर किंवा आतडं सडतं.

म्हणूनच त्रास असलेल्या, किंवा त्रास नसला तरी आतडं-जठर वर गेलेल्या माणसाला सहसा शस्त्रक्रिया सुचवतात. १९९० च्या दशकापासून ती दुर्बिणीतूनही होऊ लागली. कल्पना सोपी आहे: वर गेलेलं खाली ओढा, भोक शिवा. अवघडपणा तपशिलात आहे. दुर्बिणीसाठी पोटात कार्बन डायऑक्साइड भरावा लागतो. बोख्दालेकमध्ये बहुधा हर्नियाची पिशवीच नसते, त्यामुळे तो वायू भोकातून थेट छातीत जाऊन फुप्फुस आणि हृदयावर दाब आणू शकतो. सर्जन दाब कमी ठेवतात आणि भूलतज्ज्ञांची नजर मॉनिटरवरून हलत नाही. भरलेल्या जठरातलं काही श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून भूल देण्याआधी ते नळीने रिकामं करायचं, हेही त्यांचंच काम.

मग ओढाओढ. आतडं चिवट असतं, प्लीहा नाही. जरा जोर झाला की ती रक्ताळते. छातीत आत चिकटलेलं काही असेल, तर छातीच्या बाजूनेही शिरावं लागतं. भोकाच्या कडा जुळत असतील तर न विरघळणारे टाके, नसतील तर जाळी. आतड्याकडची बाजू चिकटणार नाही अशीच जाळी लागते. मॉर्गान्यीत ती खिळ्यांनी ठोकताना हात आखडता ठेवावा लागतो, कारण पातळ पडद्यापलीकडे हृदय धडधडत असतं. खिळा तिथे लागून हृदयाभोवती रक्त साठल्याच्या घटना घडल्या आहेत. आणखी एक अडचण सहसा लक्षात येत नाही: आतडी वर्षानुवर्षं वर राहिल्याने पोटच आक्रसलेलं असतं. सगळं एकदम खाली कोंबलं, तर पोटातला दाब वाढून मूत्रपिंडं आणि श्वास दोन्ही अडचणीत येतात.

आता दुसरं टोक. मूतखड्यासाठी सीटी काढला आणि रिपोर्टमध्ये ‘बोख्दालेक हर्निया’ असं लिहून आलं, तर घाबरून सर्जन गाठण्याआधी आत काय आहे ते वाचा. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत १३,१३८ प्रौढांच्या स्कॅनमध्ये असे २२ जण सापडले, म्हणजे हजारात दोघांहूनही कमी. त्यातले बहुतेक हर्निया पुस्तकाच्या उलट, उजवीकडचे होते. यकृताच्या आडोशाला ते मुकाट राहतात आणि दुसऱ्याच कारणाने स्कॅन झाला तरच दिसतात, हे त्याचं कारण असावं. सत्तरीतल्या आजींच्या स्कॅनमध्ये भोकातून नुसती चरबीच डोकावत असेल आणि त्रास काही नसेल, तर बहुतेक वेळा हात लावायची गरज नसते. फिल्म मात्र रद्दीत घालू नये. पुढे कधी छाती किंवा पोट धरून दवाखाना गाठावा लागलाच, तर तिथल्या डॉक्टरांच्या हातात आधी तीच ठेवायची, छातीत नळी टाकायचा विचार होण्याच्या आत.