वाटी, झालर आणि सहाचा पाढा

क्रोशे शिकायला घेतलेला माणूस साखळी जमली की बहुतेक वेळा गोल विणायला घेतो. पेल्याखाली ठेवायचा छोटासा रुमाल, एवढीच अपेक्षा. दोन-तीन फेऱ्या छान जातात आणि मग कडा वर उचलायला लागतात. सपाट चकती हवी होती तिथे वाटी तयार होते. काहींचं उलट होतं. कडेला झालरीसारख्या लाटा येतात आणि कितीही दाबलं, इस्त्री फिरवली तरी बसत नाहीत. घरातलं कुणी अनुभवी माणूस ते हातात घेऊन बघतं आणि निकाल देतं, "हात फार घट्ट आहे तुझा. वळण बसायला वेळ लागतो." हे ऐकून सुई कायमची डब्यात ठेवलेली कितीतरी माणसं असतील. मला हा निकाल मनापासून खटकतो, कारण बहुतेक वेळा तो चुकीचा असतो. घट्ट हाताने टाका लहान होतो हे खरं, पण त्याची रुंदी आणि उंची दोन्ही लहान होतात. दोघांचं गुणोत्तर फारसं बदलत नाही, आणि गोलाचा आकार ठरतो तो या गुणोत्तरावर आणि प्रत्येक फेरीत किती टाके वाढवले यावर. वाटी का झाली याचं उत्तर शाळेतल्या वर्तुळाच्या परिघात आहे.

आधी टाका कसा बनतो ते पाहू. सुईवर एक लूप असतो. सुई आधीच्या फेरीतल्या घरात, म्हणजे टाक्याच्या छिद्रात, घालायची, दोरा ओढून आणायचा, म्हणजे सुईवर दोन लूप होतात. पुन्हा दोरा घ्यायचा आणि दोन्ही लुपांतून ओढायचा. सुईवर परत एकच लूप उरतो. हा मुका खांब. खांब घालताना घरात शिरण्याआधीच सुईवर दोऱ्याचा एक वेढा घेतात, त्यामुळे टाका साधारण दुप्पट उंच होतो. पण शेवटी सुईवर उरतो तो एकच लूप. क्रोशाचे बहुतेक टाके असेच एका लुपावर सुरू होऊन एका लुपावर संपतात.

दोन सुयांवर स्वेटर विणताना असं नसतं. तिथे अख्ख्या ओळीतले सगळे टाके एकाच वेळी सुईवर जिवंत असतात. सुई निसटली तर कितीही टाके खाली घरंगळू शकतात. क्रोशात जिवंत टाका एकच, बाकीचे सगळे बंद झालेले. त्या एका लुपात सेफ्टी पिन अडकवली की काम कुठेही, कितीही वेळ ठेवून देता येतं. कुकरची शिट्टी झाली, दाराची बेल वाजली, लोकलमध्ये आपलं स्टेशन आलं, तरी बिघडत काहीच नाही. आणि चुकलं तर दोऱ्याचं टोक ओढायचं. टाका टाका मागे जात हवं तिथपर्यंत उसवतं. नोकरी, घर, मुलं सांभाळून एखादी हस्तकला शिकायची असेल तर माझी पहिली शिफारस क्रोशाची असते, ती या रचनेमुळे.

थोडा थोडा वेळ मिळतो याचं वाईट वाटून घेण्याचंही कारण नाही. ब्रिटिश पोस्ट खात्यातल्या पोस्टमनना टंकलेखन शिकवायचं होतं, तेव्हा अ‍ॅलन बॅडली आणि लाँगमन या मानसशास्त्रज्ञांनी त्यांचे चार गट केले. एका गटाला रोज एकच तास सराव, दुसऱ्या टोकाच्या गटाला रोज दोन-दोन तासांच्या दोन बैठका, उरलेले दोन गट मधले. १९७८ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की रोज एक तास शिकणाऱ्यांना तेच कौशल्य सर्वांत कमी तासांत आलं आणि चार तास बसणाऱ्यांना सर्वांत जास्त तास लागले. गंमत म्हणजे समाधान सर्वांत कमी होतं ते रोज एक तासवाल्या गटालाच, कारण दिवस जास्त लागत होते. हाताचं कौशल्य मेंदूत मुरायला मधली विश्रांती आणि झोप लागते. त्यामुळे रोज जेवणानंतरचा थोडा वेळ रविवारच्या सलग दुपारपेक्षा जास्त फळतो.

आता माझ्या आवडत्या भागाकडे, म्हणजे सहाच्या पाढ्याकडे.

मुका खांब जवळजवळ चौरस असतो, जेवढा रुंद तेवढाच उंच. गोल विणताना प्रत्येक फेरीने त्रिज्या एका टाक्याच्या उंचीएवढी वाढते. परीघ म्हणजे दोन गुणिले पाय (π, सुमारे ३.१४) गुणिले त्रिज्या. त्रिज्या एका टाक्याने वाढली की परीघ ६.२८ टाक्यांनी वाढायला हवा, मग तुम्ही दुसऱ्या फेरीत असा की विसाव्या. वाढ फेरीवर अवलंबून नाही, हे मला आजही सुंदर वाटतं. ६.२८ टाके घालता येत नाहीत, म्हणून सहा घालायचे. पहिल्या फेरीत ६, मग १२, १८, २४, ३०, ३६. उरलेला ०.२८ लोकरीच्या ताणात मुरतो. शिवाय मुका खांब रुंदीपेक्षा किंचित बुटकाच असतो, त्यामुळे सहा हा आकडा प्रत्यक्षात आणखी चपखल बसतो. खांबाची उंची दुप्पट, म्हणून तिथे दर फेरीला १२ टाके वाढवायचे. खांबाच्या गोलाला मुक्या खांबाचा हिशोब लावला की नवशिक्याची वाटी होते, आणि दोष मात्र हाताला मिळतो.

टाका वाढवायचा म्हणजे एका घरात दोन घालायचे. दुसऱ्या फेरीत प्रत्येक घरात दोन, तिसऱ्या फेरीत एक सोडून एका घरात, चौथीत दोन सोडून तिसऱ्यात. ही वाढ प्रत्येक फेरीत एकाच रेषेत आली तर सहा कोपरे उठून दिसतात आणि गोलाऐवजी षटकोन होतो. फेरीगणिक वाढीची जागा थोडी सरकवली की कोपरे विरतात.

आता सहाऐवजी दर फेरीला तीनच वाढवले तर? परीघ हवा त्याच्या निम्माच भरतो आणि कापडाला शंकू होण्यावाचून गत्यंतर नसतं. शंकूच्या अर्ध्या कोनाची साइन म्हणजे ३ भागिले ६, म्हणजे अर्धा. अर्धा कोन ३० अंश, पूर्ण टोक ६० अंशांचं. कोनमापक लावून बघा, बऱ्यापैकी जुळतं. वाढ पूर्ण थांबवली की कापड सरळ खाली उतरतं, नळी होते. बाळाचं टोपडं असंच होतं: नवजात बाळाच्या डोक्याचा घेर साधारण ३५ सेंमी, त्याला पायने भागलं की व्यास ११ सेंमी, तेवढा सपाट गोल झाला की वाढ थांबवायची आणि सरळ विणत जायचं. लोकर ताणली जाते म्हणून मी गोल जरा लहानच ठेवते.

टोपड्यावरून एक गोष्ट सांगायलाच हवी. ग्रहणात गर्भवतीने सुई हातात घेऊ नये, नाहीतर बाळाचा ओठ फाटका होतो, असं अजूनही शिकल्यासवरल्या घरांत सांगतात. ग्रहण म्हणजे पृथ्वी किंवा चंद्र यांची सावली पडणं. बाळाचा ओठ गर्भधारणेच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात दोन्ही बाजूंच्या ऊती जुळून बनतो. त्या नीट जुळल्या नाहीत तर दुभंग राहतो, आणि त्यामागे जनुकं, काही औषधं, आईचं धूम्रपान अशी कारणं असतात. सुईचा त्यात काहीही हात नाही. एका बाईने दिवसभर भीतीने अंधाऱ्या खोलीत बसून राहावं, यापेक्षा तिने टोपडं विणावं हे मला शंभर पटींनी बरं वाटतं. तितक्याच ठामपणे उलटंही सांगते: क्रोशाने स्मृतिभ्रंश टळतो, मेंदूची नवी जोडणी होते, असे जे संदेश फिरतात त्यांवर विश्वास ठेवू नका. विणणाऱ्यांना प्रश्न विचारून काढलेल्या पाहण्यांवरून ठणठणीत माणसं विणत राहतात की विणल्यामुळे माणसं ठणठणीत राहतात, हे कळत नाही.

झालरीकडे येऊ. दर फेरीला सहापेक्षा जास्त टाके वाढले की परीघ त्रिज्येला झेपेनासा होतो आणि कडा लाटा घेते. आणि वाढ बेरजेने न करता गुणाकाराने केली, म्हणजे दर पाच टाक्यांमागे एक जादा हा नियम प्रत्येक ओळीत पाळला, तर एक विलक्षण पृष्ठ तयार होतं. २० टाक्यांच्या साखळीपासून सुरुवात केली तर २० ओळींनंतर एका ओळीत साडेसातशेच्या वर टाके असतात. गणिती ज्याला अतिपरवलयी प्रतल म्हणतात, त्याचा हा तुकडा.

त्यामागे दोन हजार वर्षांचा वाद आहे. रेषेबाहेरच्या बिंदूतून त्या रेषेला एकच समांतर रेषा जाते, हे नववीच्या भूमितीत आपण मुकाट्याने मान्य करतो. युक्लिडच्या इतर गृहीतकांवरून ते सिद्ध करण्याचा प्रयत्न पिढ्यानपिढ्या चालला. १८२९ मध्ये रशियात लोबाचेव्हस्कीने आणि १८३२ मध्ये हंगेरीच्या बोल्यायने, एकमेकांना न ओळखता, असंख्य समांतर रेषा असणारी भूमिती मांडली. ती बिनचूक होती, पण दिसायची कशी? जर्मन गणिती हिल्बर्टने १९०१ साली सिद्ध केलं, की ही भूमिती जिथे चालते ते संपूर्ण अतिपरवलयी प्रतल आपल्या त्रिमितीत गुळगुळीत रूपात बसूच शकत नाही. मग उरतात तुकडे. अमेरिकन गणिती विल्यम थर्स्टन यांनी कागदाच्या कंकणाकृती पट्ट्या चिकटवून तुकडा करायची युक्ती सुचवली, पण तो कागद हाताळता हाताळता फाटे. १९९७ साली कॉर्नेल विद्यापीठातल्या, मूळच्या लात्व्हियाच्या, गणिती दायना ताइमिना यांनी असाच एक जीर्ण नमुना पाहिला आणि तो विणायचं ठरवलं. आधी त्यांनी दोन सुया घेतल्या. टाके इतक्या वेगाने वाढत गेले की सुईवर मावेनात. मग त्या क्रोशाकडे वळल्या, कारण ओळीत हजार टाके असले तरी सुईवर एकच असतो. कामाच्या गर्दीत आपल्याला क्रोशे झेपतं, तो हाच गुण त्यांच्या उपयोगी पडला.

या नमुन्यावर सरळ रेषा काढायला पट्टी लागत नाही. कापड दुमडायचं, घडीची रेषा म्हणजेच सरळ रेषा. रंगीत दोऱ्याने ती शिवून घ्यायची. तिच्याबाहेरच्या एका बिंदूतून दुसरी, तिसरी, चौथी घडी घालायची. पहिलीला न भेटणाऱ्या हव्या तेवढ्या घड्या निघतात. लोबाचेव्हस्की आणि बोल्याय यांनी कागदावर सिद्ध केलेलं इथे बोटांना कळतं. थोडं गणित आणखी करू. या प्रतलाची स्वतःची एक त्रिज्या असते: टाक्याची उंची भागिले वाढीच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगॅरिदम. आपलं गुणोत्तर १.२, त्याचा लॉगॅरिदम ०.१८२, टाका अर्धा सेंमी उंच धरला तर त्रिज्या २.७ सेंमीच्या आसपास येते. इथल्या त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंशांपेक्षा नेहमी कमी भरते, आणि जितकी कमी भरते त्या प्रमाणात त्रिकोणाचं क्षेत्रफळ असतं. बेरीज शून्याखाली जाऊ शकत नाही, म्हणून क्षेत्रफळालाही मर्यादा आहे: पाय गुणिले त्रिज्येचा वर्ग, सुमारे साडेतेवीस चौरस सेंमी. प्रतल कितीही मोठं विणा, बाजू कितीही लांब घ्या, याहून मोठा त्रिकोण त्यावर मावत नाही. हे पहिल्यांदा हिशोब करून पटलं तेव्हा मला रात्री झोप लागली नव्हती.

अशा कडा निसर्गात भरपूर सापडतात. दसऱ्याच्या हारांतलं कोंबड्याचं फूल, लेट्युसचं पान, कितीतरी प्रवाळ. आतल्यापेक्षा कडेची वाढ जास्त वेगाने झाली की ऊतींना लाटा घेण्यावाचून पर्याय नसतो. मार्गारेट आणि क्रिस्तीन वर्थाइम या बहिणींनी २००५ पासून लॉस एंजेलिसहून क्रोशाची प्रवाळभिंत उभी करायला घेतली, ती ताइमिना यांच्याच पद्धतीवरून. तेव्हा ब्रिस्टल विद्यापीठात असलेल्या हिंके ओसिंगा आणि बर्न्ड क्राउसकॉप या गणितींनी हवामानाच्या अभ्यासातून आलेल्या लोरेन्झ समीकरणांतून निघणारं एक गुंतागुंतीचं पृष्ठ संगणकाकडून टाक्यांच्या सूचनांमध्ये उतरवलं आणि ओसिंगा यांनी ते विणलं: २५,५११ टाके, सुमारे ८५ तास.

नवशिक्याने इतकं मोठं काही घेऊ नये. मध्यम जाडीची फिकट रंगाची लोकर आणि ४ मिमीची सुई घ्यावी. गडद लोकरीत घरं दिसत नाहीत आणि मोजणी हुकते. मुक्या खांबाचे सहा-सहा फेऱ्यांचे चार नमुने करावेत. पहिल्यात दर फेरीला तीन टाके वाढवायचे, दुसऱ्यात सहा, तिसऱ्यात नऊ. चौथ्यात प्रत्येक घरात दोन, प्रत्येक फेरीला. फेरीच्या पहिल्या टाक्यात वेगळ्या रंगाचा दोरा अडकवून ठेवा, नाहीतर फेरी कुठे संपली ते सापडत नाही. सहाव्या फेरीला दुसऱ्या नमुन्यात ३६ टाके असतील आणि चौथ्यात १९२, म्हणून चौथ्यासाठी लोकर जास्त ठेवा आणि तो शेवटी करा.